पापणीतल्या तेलाच्या ग्रंथी बंद आणि डॉक्टर लाइट थेरपी म्हणाले? पैसे भरायच्या आधी हे वाचा

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं काम करते, एकोणीस वर्षं झाली. फेब्रुवारी ते मे हळदीचा सीझन, सकाळी सौदे, दुपारी काटा आणि मग रात्री आठ-साडेआठपर्यंत कॉम्प्युटरवर हिशेबाच्या पट्ट्या काढायच्या. तीनेक वर्षांपूर्वी डोळे जळायला लागले, सकाळी पापण्या चिकटायच्या, गाडीवर बसलं की पाण्याची धार, वर्षातून दोनदा तरी रांजणवाडी. मी आपली हळदीची धूळ समजून गुलाबपाणी घालत बसले आणि त्यात दीड वर्ष घालवलं. माझ्या जाऊबाई साताऱ्याला असतात, त्यांनाही हेच, फक्त त्यांचे गाल आणि नाकसुद्धा कायम लालसर.

शेवटी दोघींनाही लाइट थेरपी, म्हणजे डोळ्यांभोवती प्रकाश देऊन करायचा उपचार, घ्यायला सांगितली. पण दोघींची थेरपी वेगवेगळी होती आणि ती का वेगळी होती हे मला पहिल्या ठिकाणी कुणीच सांगितलं नाही, ते कळायला मला तीन दवाखाने फिरावे लागले. तेवढं फिरणं तुमचं वाचावं म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, निर्णय तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, पण त्यांना काय विचारायचं हे तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे.

१. आधी कळू द्या की तुमचा कोरडेपणा कुठल्या जातीचा आहे

डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यात पाणी असतं, खाली चिकट म्युकस असतो आणि सगळ्यात वर तेलाचा एकदम बारीक पडदा. हे तेल येतं पापणीच्या आतल्या ग्रंथींतून, त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात, मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून ते नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात, पापणीच्या कडेला त्यांची तोंडं उघडतात. तेल घट्ट झालं, टूथपेस्टसारखं झालं, की तोंडं बंद होतात, तेलाचा पडदा फाटतो आणि खालचं पाणी उडून जातं.

म्हणजे डोळ्यात पाणी बनतंय पण टिकत नाही. डोळा कोरडा पडला की मेंदू घाईने जास्तीचं पाणी सोडतो, म्हणून गाडीवर धार लागते. "माझ्या डोळ्यातनं तर पाणी येतंय, मग कोरडे कसे" हा प्रश्न मी स्वतः विचारलाय, त्याचं उत्तर हे.

दुसरी जात म्हणजे पाणीच कमी बनणं. तोंडही कोरडं पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यासाठी रक्ताच्या तपासण्या असतात आणि तो आजार प्रकाशाने बरा होणारा नाही. बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र असतं. लाइट थेरपी ही तेलाच्या ग्रंथींसाठी आहे, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणि एक महत्त्वाचं. रांजणवाडी किंवा गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तिथल्या पापणीचे केस गळत असतील, विशेषतः वय जास्त असेल, तर शेक-बिक करत बसू नका, थेट डॉक्टरला दाखवा, क्वचित त्याच्यामागे ग्रंथीचा कॅन्सर असतो आणि तो तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. अचानक नजर कमी होणं, जोराची दुखी, उजेड अजिबात सहन न होणं, पू, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

२. घरचा शेक नीट करून बघा, निदान महिना-दीड महिना

हे टाळून कुणी थेट मशीनवर नेत असेल तर थांबा. मला पहिल्या डॉक्टरांनी "गरम शेक द्या" एवढंच सांगितलं होतं आणि मी रुमाल तोंडाच्या वाफेवर गरम करून दोन मिनिटं ठेवायचे. त्याने काहीही होत नाही. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला पापणीला आतपर्यंत ४० अंशांच्या आसपास ऊब पोचली पाहिजे आणि ती टिकली पाहिजे. ओला रुमाल मिनिटा-दोन मिनिटांत गार पडतो. तर असं करा:

थर्मासमध्ये गरम पाणी घ्या, हाताच्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढंच गरम, त्याहून जास्त नाही. सुती कापडाचे दोन तुकडे, एक डोळ्यावर, एक पाण्यात, गार झालं की बदला. असं आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे आय मास्क मिळतात ते जास्त सोपे, पण आधी हातावर लावून बघा. उकळत्या पाण्याची वाफ डोळ्यावर घेऊ नका, भाजतं.

शेक झाल्या झाल्या, ऊब आहे तोवर, स्वच्छ बोटाने पापणीला हलका मसाज. वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, म्हणजे केसांच्या दिशेने. डोळ्याच्या बुबुळावर दाब द्यायचा नाही. मग पापणीची कड लिड वाइपने, म्हणजे पापण्या पुसायच्या ओल्या पुसणीने, पुसायची. केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं किंवा नळीसारखं काही दिसत असेल तर डॉक्टरांना सांगा, डेमोडेक्स नावाचे बारीक किडे असतात, त्याचा उपाय वेगळा.

काजळ. हे मला फार जड गेलं, कारण मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून काजळ घालतेय. पण पापणीच्या आतल्या कडेला जिथे आपण काजळाची रेघ ओढतो, तिथेच या ग्रंथींची तोंडं आहेत. अगदी तिथेच. मी बंद केलं. सणाला घालायचंच असेल तर केसांच्या बाहेरच्या बाजूने लायनर लावते आणि रात्री काढल्याशिवाय झोपत नाही.

गुलाबपाणी, मध, एरंडेल, तूप, डोळ्यात काहीही घालू नका. ड्रॉप्स दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, कारण बाटली टिकावी म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं रसायनच सारखं सारखं गेलं की डोळ्याला त्रास देतं. आणि कॉम्प्युटरवर पापण्या मिटा, पूर्ण मिटा. पापणी मिटताना ग्रंथी दाबल्या जातात आणि तेल बाहेर येतं, स्क्रीनकडे बघताना आपण निम्म्यानेही मिटत नाही. मी मॉनिटरच्या कडेला हळदीच्या रंगाची टिकली लावून ठेवलीय, तिच्यावर नजर गेली की दोनदा मिटायचे.

जाऊबाईंना एवढ्यानेच निम्मा फरक पडला होता. मला पडला नाही.

३. तपासण्या: या झाल्याशिवाय थेरपीला हो म्हणू नका

शर्मर टेस्ट म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती मिलिमीटर ओली होते ते बघतात, पाणी किती बनतंय याचा अंदाज येतो. मग टीबीयूटी, पिवळा रंग घालून डोळा उघडा ठेवायला सांगतात आणि अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते मोजतात, दहा सेकंदांच्या आत फाटला तर गडबड आहे असं समजतात. माझा तीन सेकंदांत फाटला. मग डॉक्टर पापणी बोटाने किंवा काडीने दाबून तेल कसं येतंय ते बघतात, पातळ, गढूळ, घट्ट की येतच नाही.

आणि मायबोग्राफी. हा पापणी उलटी करून इन्फ्रारेड कॅमेऱ्याने काढलेला ग्रंथींचा फोटो, दुखत नाही, दोन मिनिटांचं काम. ग्रंथी पांढऱ्या उभ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. माझ्या खालच्या पापणीत मधल्या पट्ट्या आखूड झाल्यात आणि एका कोपऱ्यात नाहीतच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ज्या पूर्ण वाळून गेल्यात त्या परत येतील अशी आशा धरू नका, आपण ज्या शिल्लक आहेत त्या वाचवतोय. हे वाक्य ऐकायला कडू होतं पण मला त्याच डॉक्टरांवर विश्वास बसला.

सगळीकडे मायबोग्राफीचं मशीन नसतं, तेव्हा जाण्याआधी फोन करून विचारा. पहिल्या ठिकाणी मला यातली एकही टेस्ट न करता "चार सेशनचं पॅकेज" कागदावर लिहून दिलं होतं. मी ॲडव्हान्स भरायला कार्ड काढलंही होतं, पण मशीनवाली खोली बघायची म्हटल्यावर "आज बंद आहे" म्हणाले म्हणून परत आले.

४. तुमच्या त्वचेचा रंग विचारात घेतलाय का?

हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि आपल्याकडे यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

ज्याला आयपीएल म्हणतात, इंटेन्स पल्स्ड लाइट, तो लेझर नाही. झेनॉनच्या दिव्याचा झगझगीत फ्लॅश असतो, साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला, आणि फिल्टर लावून त्यातला नको तो भाग अडवतात. त्वचेच्या डॉक्टरांकडे हे मशीन १९९० च्या दशकापासून आहे. २००० नंतर अमेरिकेत मेम्फिसच्या रोलांडो टोयोस या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं की चेहऱ्याच्या लालीसाठी, म्हणजे रोझेशियासाठी, आयपीएल घेणाऱ्यांचे कोरडे डोळेही सुधारतात. तिथून हा उपाय डोळ्यांकडे आला. अमेरिकेच्या एफडीएने या कामासाठी पहिल्या मशीनला २०२१ मध्ये मान्यता दिली.

तो काम कसा करतो? रोझेशियात पापणीजवळ बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात आणि त्यातून सूज वाढवणारी द्रव्यं ग्रंथींपर्यंत पोचत राहतात. रक्तातला लाल रंग हा प्रकाश शोषतो, तापतो, आणि त्या जास्तीच्या वाहिन्या मिटतात. थोडी ऊबही मिळते. पण प्रकाश फक्त रक्ताचाच रंग शोषत नाही, त्वचेचा रंग, मेलॅनिन, तोसुद्धा तो शोषतो. मेलॅनिन जास्त असेल तर उष्णता वरच्या वर त्वचेतच अडकते. मग भाजणं, फोड, काळे डाग किंवा उलट पांढरे डाग, आणि तेही गालावर, डोळ्याखाली, चारचौघांत दिसेल असं.

डॉक्टर यासाठी फिट्झपॅट्रिक स्केल वापरतात, १ ते ६. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये आधी गोऱ्या त्वचेसाठीच केलं होतं, गडद त्वचेचे नंबर नंतर जोडले गेले. १ म्हणजे उन्हात लगेच भाजणारी अगदी गोरी त्वचा, ६ म्हणजे सगळ्यात गडद. डोळ्यांसाठीचं नेहमीचं आयपीएल साधारण १ ते ४ नंबरलाच देतात. आपल्या भागातली गव्हाळ माणसं ४ मध्ये, सावळी माणसं ५ मध्ये येतात, शेतात उन्हात राबणारे बरेच जण ५ मध्येच. म्हणजे आपल्याकडे हा प्रश्न प्रत्येक पेशंटला विचारायलाच हवा.

मी सावळी आहे, ५ नंबर. पॅकेज लिहून देणाऱ्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघूनही यावर एक शब्द काढला नाही. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी हाताच्या आतली आणि बाहेरची बाजू उजेडात बघितली, "उन्हात गेलात की भाजतं की काळवंडतं" हे विचारलं आणि म्हणाले, तुम्हाला आयपीएल नको. जाऊबाई गव्हाळ, ४ नंबर, वर रोझेशिया, त्यांना आयपीएल कमी ताकदीवर आणि आधी कानाजवळ एक टेस्ट फ्लॅश मारून दिलं.

तुम्हाला रंगावरून नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, ज्यांनी नाही म्हटलं त्यांनी तुमचा चेहरा वाचवलाय. आणि "काही होत नाही हो, सगळ्यांना करतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

उन्हाने रापलेल्या कातडीलाही हेच लागू. साताऱ्याकडचे बरेच जण माउलींच्या पालखीबरोबर लोणंद-फलटणपर्यंत चालतात, ऊसतोडीचा नाहीतर द्राक्षाच्या छाटणीचा सीझन असतो, तोंड रापलेलं असतं. असं असेल तर रंग उतरेपर्यंत थांबा, साधारण महिनाभर तरी, आणि डॉक्टरांना तसं सांगा.

५. मग सावळ्या माणसाने काय करायचं?

पर्याय आहेत. मला दिलेला म्हणजे लो-लेव्हल लाइट, लाल एलईडीचा मास्क. साधारण ६३३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश, पंधरा मिनिटं, डोळे मिटून मास्क घालून पडून राहायचं. फ्लॅश नाही, चटका नाही, नुसती ऊब. गडद त्वचेलाही देता येतो. याच्यावरचे अभ्यास आयपीएलपेक्षाही कमी आहेत हे मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं.

दुसरा, प्रकाशाशिवायचा, पापणीला आतून ४२ अंशांच्या आसपास ऊब देऊन बाहेरून दाबणारं मशीन, थर्मल पल्सेशन म्हणतात, एका वेळी बारा मिनिटं. ते महाग पडतं आणि थोड्याच ठिकाणी असतं.

आयपीएलबद्दलही खरं सांगते. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास तपासून सांगितलं होतं की चांगल्या दर्जाचा पुरावा अजून तोकडा आहे. त्यानंतर आणखी अभ्यास झालेत, बऱ्याच जणांना फायदा होतो, पण "शंभर टक्के बरं" असं कुणी लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नका.

६. गोळ्या आणि आजार, सगळं सांगायचं

इथे एक गंमत नाही, धोका आहे. याच पापणीच्या आजाराला डॉक्टर बऱ्याचदा डॉक्सीसायक्लिन नावाची अँटिबायोटिक गोळी देतात, आणि डॉक्सीसायक्लिनने त्वचा उजेडाला जास्त संवेदनशील होते. मी पॅकेजवाल्यांकडे गेले तेव्हा माझी डॉक्सी चालू होती, कुणी विचारलं नाही. मेडिकलवाल्या दादांनी स्ट्रिप देताना "उन्हात फिरू नका" म्हटलं होतं म्हणून माझ्या डोक्यात होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, किती दिवस आधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

यांपैकी काहीही असेल तर आवर्जून सांगा: मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन (ही गोळी स्वतःच या तेलाच्या ग्रंथी वाळवते), बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, पांढऱ्या डागांसाठी बावचीचं तेल किंवा चूर्ण, हे आयुर्वेदिक आहे म्हणून लोक सांगतच नाहीत आणि बावचीचा गुणच मुळी त्वचा उजेडाला संवेदनशील करायचा आहे. शिवाय ल्युपस, फिट्स येण्याचा त्रास, गरोदरपण, तोंडावर नागीण होऊन गेली असेल तर, त्वचेचा कॅन्सर, गालावर गोंदण. गोंदणाचं विशेष सांगते, आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या गालावर, कपाळावर हिरवं गोंदण असतं, त्याच्यावर फ्लॅश मारायचा नसतो.

७. पिशवीत काय काय न्यायचं

- जुन्या सगळ्या चिठ्ठ्या आणि चष्म्याचा नंबर
- चालू गोळ्यांच्या, ड्रॉप्सच्या आणि तोंडाला लावायच्या क्रीमच्या स्ट्रिपा-बाटल्या, निदान मोबाइलवर फोटो
- आधीच्या टेस्टचे कागद, मायबोग्राफीचा फोटो असेल तर तो
- एका कागदावर: त्रास कधीपासून, दिवसातून ड्रॉप्स किती वेळा, सकाळी जास्त की संध्याकाळी (सकाळी पापण्या चिकटणं हे माझ्या बाबतीत डॉक्टरांना फार उपयोगी पडलं)
- टोपी किंवा मोठी ओढणी, गॉगल, छत्री
- बरोबर एक माणूस

कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर घरी ठेवा.

८. मशीन शोधायचं कुठे

आधी जवळ विचारा. मिरजेला मिशन हॉस्पिटलच्या वॉनलेस डॉक्टरांच्या काळापासून दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नाही, कऱ्हाड आणि कोल्हापूरही जवळ. मशीन तिथे नसेल तरी निदान आणि टेस्ट इथे करून मग फक्त सेशनला पुण्याला जाता येतं, तेवढे हेलपाटे वाचतात. फोनवर नुसतं "आयपीएल आहे का" विचारू नका, स्किन क्लिनिक आणि पार्लरमध्येही केस काढायचं आयपीएल असतं. "कोरड्या डोळ्यांसाठीचं आहे का, डोळ्यांचे डॉक्टर स्वतः देतात का, डोळ्यावर कवच लावता का, नंतर ग्रंथी दाबून तेल काढता का" हे चार प्रश्न विचारा.

पार्लरमध्ये डोळ्याजवळ आयपीएल अजिबात करून घेऊ नका. भुवयांचे केस काढताना कवच नसल्यामुळे डोळ्यातल्या रंगीत पडद्याला कायमची इजा झाल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत.

सांगलीहून पुणे म्हणजे जाऊन-येऊन दिवस जातो. एसटीत खिडकीचा वारा आणि एसी गाडीत वरचा झोत, दोन्हींनी डोळे वाळतात, झोत बंद करा. परतीचा प्रवास उन्हं कलल्यावर ठेवा.

९. सेशनच्या दिवशी काय होतं

चेहरा स्वच्छ धुऊन जा. पावडर, क्रीम, कुंकू, चंदन, हळद काही नको. आमच्या दुकानातून थेट गेलं तर हळदीची भुकटी कपाळावर बसलेली असतेच, म्हणून मी सकाळी अंघोळ करून सुट्टी टाकूनच जायचे. पुरुषांनी गालावरची दाढी आणि कल्ले काढून जावं, केस प्रकाश शोषतात आणि चटका बसतो. आदल्या आठवड्यात ब्लीच, फेशियल, वॅक्स नको.

जाऊबाईंचं मी बाहेर बसून नाही, आत उभं राहून बघितलं (मलाही गॉगल दिला होता). डोळ्यांवर कवच, गालावर गार जेल, मग एका कानापासून डोळ्याखालून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत ओळीने फ्लॅश, आणि तीच ओळ परत एकदा. त्या म्हणाल्या रबरबँड ताणून सोडल्यासारखं लागतं, आणि डोळे बंद, वर कवच, तरी उजेड जाणवतो. दहा-पंधरा मिनिटांत झालं. कुठल्याही फ्लॅशला खूप जळलं तर तिथल्या तिथे सांगा, सोसून घेऊ नका, बायका फार सोसतात. ताकद कमी करता येते.

त्यानंतरचा भाग महत्त्वाचा. बधिर करायचा ड्रॉप घालून डॉक्टर चिमट्याने पापणी दाबून घट्ट तेल बाहेर काढतात. दुखतं. माझ्यासाठी मास्कपेक्षा हेच अवघड होतं, डोळ्यातनं आपोआप पाणी आलं. पण माझ्या पापणीतून मेणासारखे पांढरे धागे बाहेर आले ते डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवले आणि तेव्हा कळलं की दोन वर्षं काय अडकून बसलं होतं. हा भाग जे करत नाहीत त्यांच्याकडे नुसत्या प्रकाशाचे पैसे भरू नका, असं माझं मत आहे.

१०. घरी आल्यावर

दिवस-दोन दिवस गाल लालसर, थोडे तापल्यासारखे, ते चालतं. फोड, काळा डाग, वाढत जाणारी जळजळ, नजर धूसर, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी फोन. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि टोपी, सगळी सेशन संपेपर्यंत. गरम शेक त्याच रात्री द्यायचा की दोन दिवसांनी ते विचारून घ्या. ड्रॉप्स बंद करायचे नाहीत.

आयपीएलची साधारण चार सेशन, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. जाऊबाईंना पहिल्या दोनपर्यंत काहीच वाटलं नाही, त्या सोडून देणार होत्या, तिसऱ्यानंतर फरक पडला. माझी मास्कची चार सेशन आठवड्याच्या अंतराने झाली. आता सकाळी पापण्या चिकटत नाहीत, रांजणवाडी गेल्या वर्षात एकही नाही, ड्रॉप्स दिवसाला सहा वेळांवरून दोनवर आले. संध्याकाळी पट्ट्या काढताना सात वाजल्यानंतर मात्र अजून जळतात. टीबीयूटी तीनवरून सहा सेकंदांवर. एवढंच झालं, आणि एवढ्यासाठीही मी परत करीन.

असर कायमचा नसतो. बऱ्याच जणांना सहा महिन्यांनी, वर्षाने एखादं सेशन परत लागतं, आणि शेक तर चालूच ठेवायचा.

११. पैशाचं

दर प्रत्येक ठिकाणी वेगळा. विचारताना एका सेशनचा विचारा, त्यात तपासणी, तेल काढणं आणि पुढच्या भेटी धरल्यात का ते लिहून घ्या. चार सेशनचे एकदम भरू नका, दुसऱ्या सेशनला त्वचेवर डाग उठला आणि थांबवावं लागलं तर पैसे परत मिळणार का हे आधी ठरवा. मेडिक्लेम बहुतेक वेळा ॲडमिट होण्यावर चालतो आणि हे तर बसल्या जागी होणारं काम आहे, तेव्हा पॉलिसीत ओपीडी आहे का ते एजंटला नाही, कंपनीला लेखी विचारा. प्रवास आणि बुडालेला रोज धरा, चार वेळा पुणे म्हणजे दोन माणसांचा तो खर्चही थोडा नाही.

आणि मायबोग्राफीचा फोटो, टेस्टचे आकडे, किती ताकदीवर आणि कुठल्या फिल्टरवर सेशन दिलं तो कागद, हे सगळं मागून घ्या, पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर. पुढच्या वर्षी डॉक्टर बदलले, मशीन बदललं, तरी जुन्या फोटोशेजारी नवा ठेवून बघता येतं की पट्ट्या तेवढ्याच आहेत की आणखी कमी झाल्या. माझा पुढचा फोटो हळदीचा सीझन संपल्यावर, जूनमध्ये आहे.